भक्तराज श्रीनामदेवराय
(नव्या वारकऱ्यांसाठी चरित्रकथन)



अलीकडे आषाढीच्या वाटेवर नव्या माणसांची भर पडते आहे, ही आनंदाची गोष्ट. शहरातली शिकलेली पोरं-पोरी, कचेरीत काम करणारी माणसे, कोणी दिवेघाट चढून सासवडपर्यंत येतात, कोणी एखाद्या मुक्कामापुरते दिंडीत चालतात. त्यांच्या मनात भाव असतो, पण माहिती नसते आणि विचारायला संकोच वाटतो. धीर करून विचारतात तेव्हा प्रश्न ठरलेले. या पंथाचा संस्थापक कोण? ग्रंथ कोणता? दीक्षा कोण देतो आणि तिला खर्च किती येतो? तुम्ही शैव की वैष्णव? ज्ञानमार्गी की भक्तिमार्गी?

या प्रश्नांना व्याख्या सांगून उत्तर देऊ नये असे आम्हांस वाटते. व्याख्या ऐकून माणूस मान डोलावतो आणि पुढच्या वळणावर विसरतो. त्यापेक्षा एक चरित्र सांगावे. पण कोणाचे? ज्ञानोबारायांचे सांगितले तर नवा माणूस भारावतो, आणि भिंत चालवणारे ते कुठे नि आपण कुठे, असे म्हणून दोन पावले मागे सरतो. तुकोबारायांचे वैराग्य ऐकूनही तसेच होते. नामदेवरायांचे चरित्र मात्र नव्या माणसाला जवळचे वाटते. त्यात भरलेला संसार आहे, देवाशी रुसणे आहे, रडणे आहे, चारचौघांत झालेला अपमान आहे आणि त्यातून पुन्हा पहिल्यापासून शिकणे आहे. म्हणून या महिन्यात नामदेवरायांचीच कथा सांगतो. जुन्या मंडळींना ती पाठ आहे, पण संतकथा शिळी होत नाही, तेव्हा त्यांनीही ऐकावी.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२ मधला, म्हणजे इसवी सन १२७० चा. तिथी कार्तिक शुद्ध एकादशी. वडील दामाशेटी, आई गोणाई, जात शिंप्याची. मूळ घराणे नरसी-बामणीचे. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. जन्म नरसीस झाला की पंढरीस, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमचे म्हणणे एवढेच की नरसीकरांनी पाळणा हलवावा, पंढरपूरकरांनीही हलवावा, त्यात कोणाचे काही जात नाही. वाढले ते पंढरीत, विठोबाच्या सावलीत, यात वाद नाही.

नैवेद्याची गोष्ट तर घराघरात सांगतात. दामाशेटी परगावी गेले असता गोणाईने लहानग्या नामदेवाच्या हाती देवाचा नैवेद्य दिला. पोराची समजूत अशी की देव रोज जेवतो. देव जेवेना, तेव्हा ते तिथेच हटून बसले, डोके आपटू लागले, आणि देवाला जेवावे लागले. नव्या शिकलेल्या माणसांना ही गोष्ट सांगितली की ते गालातल्या गालात हसतात. हसू द्या. मूर्ती जेवली की नाही हा वाद बाजूला ठेवून मुलाचा स्वभाव बघावा. देव म्हणजे समोर उभे असलेले आपले माणूस, त्याला भूक लागते, त्याच्याशी भांडता येते, ही जी पंढरीची सलगी आहे तिचा पहिला धडा या कथेत आहे. सगुण भक्ती कशाला म्हणतात हे सांगायला याहून सोपी वाट आम्हांस माहीत नाही.

पुढे राजाईशी लग्न झाले. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे झाले, लिंबाई ही मुलगी. बहीण आऊबाई. आणि दळणकांडण करता करता अभंग रचणारी दासी जनाबाई याच घरातली. घरातल्या बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. गोणाईचे आहेत, राजाईचे आहेत, मुलांचे आहेत, सुनेचे आहेत. गोणाई आणि राजाई यांचे अभंग नव्या वारकऱ्याने जरूर वाचावेत, कारण त्यांत नवऱ्याच्या नि मुलाच्या भक्तीचे कौतुक कमी आणि तक्रार जास्त आहे. पोरगा सुईदोरा टाकून देवळात बसतो, घरात दाणा नाही, पोरे उपाशी, आणि हा विठोबाचा गळा सोडीत नाही. त्या तक्रारी खोट्या नव्हत्या. भक्ताच्या घरातल्या बाईवर काय भार पडतो हे आपल्या परंपरेने झाकून ठेवले नाही, गाथेत जसेच्या तसे ठेवले. आम्हांस याचा अभिमान वाटतो.

नामदेवराय तरुणपणी वाटमारी करीत होते अशीही एक कथा काही पुस्तकांत येते. तिचा आधार संशयास्पद आहे आणि सबंध गाथेशी तिचा मेळ बसत नाही. आम्ही ती मानीत नाही. शिवाय पुढच्या काळात विष्णुदास नामा म्हणून दुसरे कवी होऊन गेले, त्यांची रचना नामदेवरायांच्या गाथेत बरीच मिसळली आहे. तेव्हा नामा म्हणे असे दिसले की लगेच सर्व काही नामदेवरायांच्या माथी मारू नये.

आता खरी गोष्ट ऐका. नामदेवरायांची समजूत अशी होती की देवाच्या सर्वांत जवळचा माणूस आपण. आणि ती समजूत निराधार नव्हती. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो, हे अवघी पंढरी जाणत होती. अशा माणसाची संतांच्या मेळ्यात परीक्षा झाली. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई सर्व जमले होते. गोरोबाकाका कुंभार वयाने वडील. मुक्ताबाईने त्यांच्या थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी म्हणून विचारले. मडके पक्के की कच्चे ते यावर कळते, असे काकांनी सांगताच तिने सुचविले की मग ही इथे बसलेली मडकीही पाहा. गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे शांत बसले. नामदेवरायांच्या डोक्यावर बसले मात्र, ते कळवळले, चिडले, रडू लागले. काकांनी निर्णय दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

विचार करा, तो अपमान केवढा! थट्टा करणारी मुक्ताबाई वयाने किती लहान! ज्ञानदेवसुद्धा नामदेवरायांपेक्षा पाच वर्षांनी धाकटे. नामदेवराय तसेच उठले आणि विठोबाकडे फिर्याद घेऊन गेले. तिथे कैवार मिळेल अशी खात्री होती. पण देवानेही संतांचीच बाजू घेतली. तुला अजून गुरू नाही, विसोबा खेचराकडे जा, असे सांगून परत पाठविले.

आमच्या मते सबंध चरित्रात याहून मोठा प्रसंग नाही, उत्तरेची यात्रासुद्धा नाही. ज्याच्या हातून देव जेवला त्यालाच देव सांगतो की तू अजून नवा आहेस. आणि हा मानी माणूस रागावून घरी बसला नाही, गेला. वारीला चाळीस वर्षे येणारे काही जुने वारकरी नव्या माणसाने टाळ उलटा धरला की त्याला हसतात. त्यांना आम्ही ही कथा मुद्दाम ऐकवतो.

विसोबा सापडले ते शिवालयात. हे देऊळ औंढ्या नागनाथचे असे बहुतेक सांगतात, बार्शीचेही नाव घेतात. नामदेवराय पाहतात तर हा म्हातारा शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला! ज्याला गुरू करायला आलो तो असा? त्यांनी रागाने पाय काढायला सांगितले. विसोबांनी उत्तर दिले की जिथे देव नसेल तिथे उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तिथे पिंड, तिसरीकडे ठेवले तर तिथेही पिंड. देव नसलेली जागा काही सापडेना. उपदेश एवढाच झाला. कानात मंत्र फुंकला की नाही ते राहू द्या, पण विटेवर उभा असलेला देव सगळीकडे आहे हे नामदेवरायांना त्या दिवशी कळले. पुढे कुत्रे भाकरी पळवू लागले तेव्हा तूप घेऊन त्याच्या मागे धावणारे नामदेव हे या नंतरचे नामदेव, असे समजावे.

शैव की वैष्णव, या प्रश्नाचे उत्तरही इथेच आले. विठ्ठलाच्या सर्वांत लाडक्या भक्ताला गुरू मिळाला तो शिवाच्या देवळात. निवृत्तिनाथांची परंपरा नाथांची, म्हणजे आदिनाथ शंकरापासून आलेली. पांडुरंगाच्या मस्तकी शिवलिंग आहे असे आपण मानतो. एकादशी करणारे कितीतरी वारकरी सोमवारही धरतात. हरिहरांत भेद करणे आपल्याकडे बसत नाही. आणि ज्ञान मोठे की भक्ती, हा वाद नामदेवरायांनी मडक्याच्या दिवशी अंगावर सोसला. भक्ती होतीच, ज्ञानाने ती भाजून पक्की झाली.

ज्ञानदेव स्वतः पंढरीस येऊन नामदेवरायांना तीर्थयात्रेस घेऊन गेले. नामदेवरायांचा पाय निघेना. विठोबाला सोडून तीर्थे करायची म्हणजे आईला घरी टाकून मावशी शोधत हिंडायचे! पण गेले. या यात्रेचे वर्णन त्यांनीच तीर्थावळीच्या अभंगांत केले आहे. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागली, विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवराय काठावर बसून विठोबाला हाका मारीत राहिले, तो विहीर भरून वाहू लागली. आम्हांस या कथेत आवडते ते हे की दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला खोटे ठरविले नाही. दोघेही पाणी प्यायले.

मग शके १२१८, इसवी सन १२९६. कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. वय २१. त्यामागून सासवडला सोपानदेव, तापीकाठी मुक्ताबाई, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. पुढच्या ज्येष्ठापर्यंत, आठ महिन्यांच्या आत, चारही भावंडे गेली. नामदेवराय या सर्वांबरोबर होते. वय २६. आदि, तीर्थावळी आणि समाधी ही जी अभंगांची प्रकरणे त्यांनी रचली, त्यांवरून आपण ज्ञानोबांना ओळखतो. मराठीतले पहिले चरित्रकार म्हणून विद्वान त्यांचा गौरव करतात तो यासाठीच. समाधीचे अभंग मात्र एकट्याने वाचू नयेत, चार माणसांत वाचावेत. आवाज भरून येतो.

त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. पुढे वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानीच दौलताबादेस आणण्याचा घाट घातला. देशात अशी उलथापालथ चाललेली, संतमेळ्यातली धाकटी मंडळी गेलेली, आणि नामदेवरायांपुढे ५४ वर्षांचे आयुष्य शिल्लक. ते काय करीत होते? कीर्तन करीत होते. चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून, मराठीत, ज्याला येईल त्याच्यासाठी. देवळाला दार असते, दाराशी माणूस उभा असतो, तो कोणाला आत सोडतो, कोणाला नाही. वाळवंटाला दार नाही. आपण आज जे वारकरी कीर्तन करतो त्याचा आद्य पुरुष म्हणून नामदेवरायांना मानतो. नव्या माणसाला आमचे सांगणे असे की ग्रंथ पुढे कळेल, आधी टाळकऱ्यांच्या मागे उभा राहा आणि कीर्तन ऐक.

कीर्तन करीत करीत ते उत्तरेस गेले, पार पंजाबपर्यंत. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांचे ठाणे झाले. तिथे ते वीसएक वर्षे राहिले असे परंपरा सांगते. बहोरदास नावाचे शिष्य तिथले. विचार करा की ज्या माणसाचा पंढरी सोडताना पाय निघत नव्हता, तो शेकडो मैलांवर, ज्यांना विठोबा माहीत नाही, चंद्रभागा माहीत नाही, मराठी कळत नाही, अशा लोकांत जाऊन बसला. त्यांच्या बोलीत त्याने पदे रचली. वीट, कमरेवरचे हात, हे समजावीत बसला नाही. सर्वांच्या घटांत भरलेला देव सांगितला, पण विठ्ठल हे नाव मात्र टाकले नाही. विसोबांच्या पायाखालची पिंड इथे कामी आली.

पुढे १६०४ साली गुरु अर्जुनदेवांनी ग्रंथसाहेबांची मूळ प्रत सिद्ध केली तिच्यात नामदेवरायांची पदे घेतली. आज गुरु ग्रंथ साहेबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांत बीठल हे नाव येते. गुरु नानकदेवांचा जन्म १४६९ चा, म्हणजे नामदेवरायांच्या समाधीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. कबीर आणि रविदास यांनीही नामदेवांचे नाव आदराने घेतले आहे. पंजाबातले छिंबे, म्हणजे शिंपी-रंगारी समाजाचे लोक, त्यांना बाबा नामदेव म्हणून भजतात. घुमानला देवस्थान आहे, माघात मोठी यात्रा भरते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, आणि आपल्या नरसीत आता गुरुद्वारा उभा आहे.

पंजाबचे नामदेव वेगळे आणि पंढरीचे वेगळे, असे काही पंडित म्हणत आले. आम्हांस ते पटत नाही. औंढ्याची कथा घ्या. नामदेवराय देवळापुढे कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना जातीवरून हुसकले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. औंढ्यास नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, तो या कथेची खूण म्हणून दाखवितात. आता ग्रंथसाहेबातली पदे पाहा. त्यांतही हीच कथा, देऊळ फिरल्याची. आणि दूध पाजल्याची कथाही आहे, जी आपल्या नैवेद्याच्या कथेची सख्खी बहीण. दोन वेगळ्या माणसांच्या आठवणी इतक्या एक कशा असतील? त्या पदांत शिंप्याच्या जातीत जन्म दिल्याबद्दल देवाला विचारलेला जाबही आहे. देवळातून उठविल्याचा तो घाव पंजाबात जाऊनही बुजला नव्हता.

तो घाव चोखोबांच्या बाबतीत फार मोठा होता. चोखामेळा नामदेवरायांना गुरू मानीत. महार म्हणून त्यांना महाद्वाराच्या आत येऊ देत नसत. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले होते, वेठीला धरलेल्या माणसांत चोखोबा होते. कुसू कोसळले आणि त्याखाली बरीच माणसे गाडली गेली. हे साल शके १२६०, इसवी सन १३३८. नामदेवराय तेव्हा ६८ वर्षांचे. ते मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात हाडे तर सगळ्यांचीच, चोखोबांची ओळखायची कशी? प्रत्येक अस्थी कानाशी लावून पाहिली, ज्यातून विठ्ठल नाम ऐकू आले ती घेतली, असे परंपरा सांगते. त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधली.

अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, मातीत बसून एका महाराच्या अस्थी हाताने वेचतो आहे, हे त्या काळी कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल ते वाचकांनीच मनात आणावे. पण आम्हांस इथे थांबून दुसरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. समाधी झाली ती द्वाराबाहेर. नामदेवरायांच्या प्रेमानेसुद्धा चोखोबांना आत नेता आले नाही. त्यांच्या जातभाईंना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे आपण वारकरी चोखोबांचे अभंग गात होतो आणि त्यांच्या लेकरांना दारात उभे करीत होतो. नव्या माणसाला परंपरा सांगताना ही बाब गाळणाऱ्यांपैकी आम्ही नाही. त्याने विचारण्याआधी सांगावी.

नामदेवरायांनी शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीस, इसवी सन १३५० मध्ये, ऐंशीव्या वर्षी देह ठेवला. पंजाबातील भाविक ही गोष्ट घुमानची मानतात, आपण पंढरीची मानतो. आपली परंपरा अशी की देवाच्या दारातली पायरी व्हावे, येणाऱ्या संतांचे पाय अंगावर पडावेत, एवढेच त्यांनी मागितले, आणि घरची सर्व माणसे त्यांच्याबरोबर महाद्वारी समाधिस्थ झाली. सून लाडाई तेवढी बाळंतपणासाठी गेली होती, ती मागे राहिली. तिच्या अभंगांत हे मागे राहण्याचे दुःख आहे.

आता राहिली दीक्षा. तुळशीची माळ गळ्यात घालायची. एखाद्या वडील वारकऱ्याच्या हातून घालावी, किंवा ज्ञानेश्वरीवर ठेवून घ्यावी. खर्च माळेचा असेल तेवढाच. मग मद्यमांस वर्ज्य, पंधरवड्याची एकादशी, नित्य हरिपाठ आणि वर्षातून एक तरी वारी. ज्ञानेश्वरी, नाथभागवत आणि तुकोबांची गाथा हे वाचनाचे ग्रंथ. एकदम झेपत नसेल तर हरिपाठापासून आरंभ करावा.

आणि पहिल्यांदा पंढरीस जाल तेव्हा घाईने दर्शनबारीकडे धावू नका. आधी चंद्रभागेचे स्नान, मग वाळवंटात पुंडलिकाचे दर्शन. तिथून वर महाद्वाराशी या. समोर चोखोबांची समाधी आहे, तिथे डोके टेका. मग पायरी. नामदेवरायांनी मागितले होते की पाय पडावेत, पण आपण वारकरी तिच्यावर पाय देत नाही, हात लावून तो कपाळाला लावतो आणि ओलांडून आत जातो. मागे गर्दी असते, लोक ढकलतात, तरी तेवढे थांबावे.